पन्नास पैसे येणे बाकी

अध्यक्ष महोदय, शाळा समितीचे सन्माननीय सदस्य, सरपंचताई, मुख्याध्यापक सर, सर्व शिक्षक, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या बाई, आणि कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसलेल्यांसकट सगळ्या मुलामुलींनो,

सरांनी फोनवर विषय दिला होता 'करिअर मार्गदर्शन'. तो आधी उरकते. माझं काम ऑडिटचं. दुसऱ्यांनी लिहिलेले हिशोब तपासायचे आणि जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते विचारायचं. सव्वीस वर्षं अटलांटात हेच करतेय. झालं मार्गदर्शन. ज्यांना आणखी हवंय त्यांनी चहाच्या वेळी गाठा.

आता मला खरं जे बोलायचंय ते बोलते. मघाशी गेटातून आत आले आणि बघितलं तर हौदाशेजारचा तो कट्टा अजून तसाच आहे. १९८२ साली, आठवी 'ब'मध्ये असताना, त्या कट्ट्यावर आम्ही नऊ मुली बसून रडलो होतो. शाळेची सहल रायगडला निघाली होती, एक रात्र मुक्काम. वर्गणी पस्तीस रुपये. गावातल्या मोठ्यांचं म्हणणं, मुक्कामाची सहल आहे, मुलींना राहू द्या. आणि मोठे हो म्हणाले असते तरी पस्तीस रुपये होते कुणाकडे? माझे वडील शिवणकाम करायचे. एका झंपरची शिलाई किती मिळायची ते इथल्या आज्यांना विचारा.

बाई आल्या. रडू नका वगैरे काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पैसे घरून आणायचे नाहीत. मिळवायचे. मोठ्यांशी मी बोलते." मार्गशीर्षात आपली जत्रा असते. जत्रेत आम्ही भेळ लावली. चुरमुरे वाण्याकडून उधार, कांदा घरचा, चिंच पलीकडच्या ओढ्याकाठच्या झाडाची. पहिल्या संध्याकाळी पाणी इतकं तिखट झालं की गिऱ्हाइकांनी भेळेपेक्षा शेजारच्या गाड्यावरचा बर्फाचा गोळाच जास्त खाल्ला. दुसऱ्या दिवशी सुधारलो. पन्नास पैशाला पुडा. मोठे तयार झाले की बाईंनी त्यांना दमवलं, हे मला अजून माहीत नाही. बाई हसताहेत, म्हणजे दुसरंच असणार.

पण खरी परीक्षा जत्रेत नव्हती, सोमवारी परिपाठाला होती. बाईंनी मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि जमाखर्च वाचायला लावला. हात थरथरत होते. एवढे पुडे विकले, एवढे आले, वाण्याचे एवढे दिले. आणि शेवटी पन्नास पैसे कमी भरले. मी हळूच म्हटलं, बाई, मी घालते माझ्या खाऊचे. बाई म्हणाल्या, "घालायचे नाहीत. शोधायचे." त्या पन्नास पैशांकडे मी नंतर येते. ते ज्यांना आठवताहेत ते आत्ताच मान खाली घालून बसलेत.

रायगड बघितला. आंबेनळी घाटात अर्धी एसटी ओकली. रोपवे नव्हता तेव्हा, पायऱ्याच. हिरकणी बुरुजावर बाईंनी आम्हा नऊ जणींना उभं केलं आणि म्हणाल्या, खाली बघा. बस, एवढंच. लेकरासाठी कडा उतरलेल्या हिरकणीची ऐकलेली गोष्ट त्या दिवशी पोटात गोळा येऊन कळली.

आता अटलांटा. तिथे मला दहा वर्षं झाली होती आणि एकाही कृष्णवर्णीय माणसाच्या घरचा चहा मी प्यायले नव्हते. आपली माणसं जेवायला जमली की ठरलेली वाक्यं असतात, त्या भागात जाऊ नका, रात्री तिकडे गाडी थांबवू नका. मीही माना डोलवायचे. ज्या मातीत जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं, त्या मातीतली मी. दहावीत पाच मार्कांना तो प्रश्न सोडवला होता. पुस्तक कुणाला अर्पण? उत्तर बरोबर. पाच पैकी पाच.

मग एका शनिवारी दारावर थाप. आमच्याच गल्लीतल्या एक कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिका, बरोबर तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुली, हातात वही. चर्चच्या अंगणात मासे तळणार आहोत, थाळी दहा डॉलर, मासा, कोबीची कोशिंबीर, मक्याचा पाव. विचारलं, कशासाठी? धाकटी म्हणाली, आम्ही चौदा जणी माँटगोमेरी आणि सेल्माला जाणार आहोत, आमची आजी-पणजी हक्कासाठी जिथे चालली ते बघायला. मी वीस डॉलर दिले, म्हटलं राहू दे वरचे. तिने वहीत लिहिलं, दोन थाळ्या. म्हणाली, "राहू दे असा रकाना नाही. रविवारी चर्चमध्ये सगळं वाचून दाखवायचंय." मला एकदम चिंचेचा वास आला. त्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. महिन्याभरात त्यांची हिशोबनीस झाले.

त्या शिक्षिकांचा एकच हट्ट. मुलींना पुढारीपण शिकवायचं तर आधी त्यांना त्यांच्या माणसांच्या गावी न्यायचं, आणि त्या गावाचं भाडं त्यांनीच उभं करायचं. एका कंपनीने सगळा खर्च देऊ केला होता, अट एवढीच की मुलींनी कंपनीचे टी-शर्ट घालून तो दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून फोटो काढायचा. त्या शिक्षिकांनी बसचं डिझेल तेवढं घेतलं, टी-शर्ट परत. आपल्याकडे फ्लेक्स असतो, तिकडे पुठ्ठा. सरपंचताई, हे तुम्हाला उद्देशून नाही.

अटलांटाहून माँटगोमेरी बसने अडीच-तीन तास. रोझा पार्क्स तुमच्या पुस्तकात असेल, १ डिसेंबर १९५५, गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला नकार. पण तिच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, त्याच शहरात क्लॉडेट कॉल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसून राहिली. पोलिसांनी तिला ओढून नेलं. बसमधला भेदभाव ज्या खटल्यामुळे कायद्याने संपला, त्यात फिर्याद करणाऱ्या चौघींपैकी ती एक. आणि तिच्या नावावरचा गुन्ह्याचा डाग पुसला गेला २०२१ साली, ती ब्याऐंशी वर्षांची असताना. आमच्या बसमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला आम्ही हे सांगितलं तेव्हा तिने काय विचारलं असेल? "मग आमच्या पुस्तकात ती का नाही?" मी काय सांगणार. आठवीच्या सहलीत मला रायगड दाखवला, पण एसटीने दीड-दोन तासांवरचं नायगाव कुणी दाखवलं नाही. सावित्रीबाईंचं जन्मगाव. मी ते पहिल्यांदा बघितलं वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, सुट्टीत आले तेव्हा. बाई, रागावू नका, बोलायचं ते तोंडावर बोलायला तुम्हीच शिकवलंत.

पण माझी लाडकी क्लॉडेट नाही. माझी लाडकी जॉर्जिया गिल्मोर. स्वयंपाकीण. त्याच भेदभावाविरुद्धचा माँटगोमेरीचा बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोक पायी गेले हे सगळे सांगतात. पण दूरवरच्या माणसांसाठी गाड्या लागत होत्या, गाड्यांना पेट्रोल लागत होतं, ते आलं कुठून? जॉर्जियाबाईंनी बायका गोळा केल्या आणि चिकन सँडविच, केक आणि पाय विकायला सुरुवात केली. हसू नका, पाय म्हणजे खायचा, आत गोड सारण भरून भाजलेला. मंडळाचं नाव होतं 'कुठूनच नाही'. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर उत्तर तयार. कारण नावं कळली असती तर रांधणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. बाईंची स्वतःची गेलीच, मार्टिन ल्यूथर किंगच्या खटल्यात साक्ष दिली म्हणून. मग घरातल्या चुलीवर खानावळ काढली. आणि सभेत भर गर्दीतून पुढे येऊन त्या आठवड्याची रक्कम जाहीर करायच्या, लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. गावाच्या दुसऱ्या बाजूला बायकांचं दुसरं मंडळ उभं राहिलं, कोण जास्त आणतं याची चुरस लागली. नावं झाकली, पण आकडा नाही झाकला. मुलींनो, हे लक्षात घ्या, आकडा नाही झाकला.

त्याही आधी, १९०४ मध्ये, मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांनी फ्लोरिडात डेटोना बीचला मुलींची शाळा काढली. दीड डॉलर आणि पाच मुली. खोकी हीच बाकं. पैशांसाठी काय विकलं? रताळ्याचे पाय. आपल्याकडे कर्मवीर अण्णांनी मुष्टिफंड काढला, घरटी मूठभर धान्य, आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींनी अंगावरचे दागिने दिले. इकडे मूठ, तिकडे रताळं. ऑडिटर म्हणून माझ्या मते दोन्ही नोंदी एकाच खात्यात जातात.

म्हणून माझा एकच हेका. मागायला लाजू नका, कष्टाला लाजू नका, आणि हिशोब चारचौघांत वाचा. ज्या मुलीने एकदा आपला जमाखर्च शंभर माणसांसमोर वाचला, तिला ग्रामसभेत बोलायला कुणी शिकवावं लागत नाही. सदस्य साहेब मान डोलवताहेत. शाळेच्या बांधकाम निधीचा हिशोबही असाच वाचा, साहेब, मी बसते ऐकायला.

पण तिकडे अटलांटात एका आईने मला एकदा अडवलं होतं. म्हणाली, पैसेवाल्या वस्तीतल्या शाळेची पोरं आईबापांच्या चेकवर पॅरिसला जातात, माझ्याच लेकीने स्वतःची पणजी बघायला मासे का तळायचे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तिच्या लेकीचे त्या वर्षीचे मासे साफ करायचे तास मी वहीत लिहिले आणि पान उलटलं.

पुढे एकदा घानालाही गेलो. त्यासाठी तीन वर्षं मासे तळले. केप कोस्टचा किल्ला, खाली गुलाम म्हणून न्यायची माणसं कोंडायच्या कोठड्या, वर प्रार्थनाघर. समुद्राकडे एक दार, ज्यातून गेलेलं कुणी परत आलं नाही. आता त्याच दाराच्या बाहेरच्या अंगाला 'परतीचं दार' अशी पाटी आहे. चौदापैकी त्या वेळी सहाजणींना जमलं. सहाही जणी बाहेर गेल्या, वळल्या आणि पाटीखालून आत आल्या. त्यावर मी काही बोलत नाही. हिरकणी बुरुजावर बाई बोलल्या होत्या तेवढंसुद्धा नाही.

सर घड्याळ बघताहेत. सर, ऐकते की यंदाची सहल वॉटर पार्कला गेली होती. पुढच्या वर्षी नायगावला न्या, तिथून पुण्याला भिडेवाड्याच्या जागेवर, जिथे सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. मला देणगी जाहीर करायला सांगितलंय. चेक आणलेला नाही. आठवी-नववीच्या मुली स्वतः जेवढे मिळवतील तेवढेच मी घालीन, रुपयाला रुपया. त्यांनी भेळ लावावी नाहीतर वडापाव. पाणी बेताचं तिखट ठेवावं. आणि हिशोब पुढच्या संमेलनात याच माइकवरून वाचायचा, मुलीच्या तोंडून.

राहिले ते पन्नास पैसे. शोधले, सापडले. जत्रेच्या पहिल्या संध्याकाळी आपल्या शिपाईमामांनी एक पुडा उधार नेला होता. बाईंनी मला वहीत लिहायला लावलं, 'येणे बाकी, मामा, ५० पैसे'. ती वही आज माझ्या पिशवीत आहे. मामा, तुम्ही त्या खांबाआड बसलात तरी मला दिसताय. भेळ तिखट होती हे कबूल, पण पुडा रिकामा परत आला होता. या इकडे.