देणगीचा संगणक सुरू कोण करणार?

(निघोजे येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



निघोजे-चाकणच्या या पट्ट्यात तुमच्यापैकी पुष्कळ जण कारखान्यांत नोकरी करता. गेल्या दिवाळीच्या सुमारास तुम्ही आपापल्या ओळखीने दहा जुने संगणक मिळवून दिलेत. ते आम्ही खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरभागात, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मुलामुलींच्या एका वसतिगृहात नेले. त्यांचे पुढे काय झाले, हे तुम्हांला सांगणे माझे कर्तव्य आहे. त्यात आनंदाची गोष्ट आहे, तशी आमची एक चूकही आहे.

संगणक धडधाकट होते. पण त्यांवर विंडोज १० होते आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती या यंत्रांत नव्हती. म्हणून आम्ही लिनक्स घालायचे ठरवले. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. ते कोणालाही वापरता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची लिनक्सची आवृत्ती काढली. या सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे.

लिनक्सला पैसे पडले नाहीत. पण फुकट मिळाले म्हणजे सोपे झाले असे नाही, हे आम्हांला नंतर कळले.

शहरातून एक तरुण स्वयंसेवक आला. त्याने दिवसभरात चार संगणक सुरू केले आणि तो परत गेला. उरलेले सहा तीन महिने चादरीखाली झाकून होते. अखेर अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, तो दादा येईपर्यंत किती दिवस थांबायचं? मीच करून बघते.” मला कौतुक वाटले. मी हो म्हटले.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायला सुरुवातीलाच एक बटण दाबावे लागते. कुठे एफ १२, कुठे एफ ९, कुठे आणखी तिसरेच. ते तिने खटपट करून शोधले. मग एकामागून एक इंग्रजी प्रश्न आले. एका ठिकाणी दोन पर्याय होते: विंडोज ठेवून शेजारी लिनक्स घालायचे, की सगळी डिस्क पुसून घालायचे. तिने वरचा पर्याय निवडला. तो पुसण्याचा होता. नेमक्या त्याच संगणकावर गृहपालांनी चौदा मुलांचे जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे स्कॅन करून ठेवली होती. सगळे गेले. काहींच्या आईवडिलांना मजुरी बुडवून पुन्हा राजगुरुनगरला खेपा घालाव्या लागल्या. ती मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही.

चूक तिची नव्हती. कागदपत्रांची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती आणि तो प्रश्न तिच्या भाषेत तिला कोणी सांगितला नव्हता.

ही अडचण लिनक्स बनवणाऱ्यांनाही फार पूर्वी कळली होती. सुरुवातीच्या काळात ते घालायचे तर डिस्कची आणि पडद्याची बारीकसारीक माहिती आपणच द्यावी लागे. २००४ मध्ये उबुंटू निघाले. त्याच्या सीडी २०११ पर्यंत लोकांना घरपोच मोफत मिळत. २००६ च्या आवृत्तीत तर सीडीवरून आधी चालवून पाहायचे आणि पसंत पडले तर तिथूनच, थोड्या प्रश्नांत, संगणकावर घालायचे अशी सोय झाली. कोणीतरी बसून एकेक अवघड प्रश्न कमी केला, म्हणून हे झाले. डोंगरातल्या मुलांसाठी उरलेले काम मात्र आपल्यालाच करायचे आहे.

आपल्याच जिल्ह्यातील केडगावची आठवण करा. पवित्र शास्त्र मराठीत आधीच होते, तरी खेड्यातल्या साध्या बाईला ते समजावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर केले. मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी ते छापण्याचे काम केले. ग्रंथ हाती असणे आणि तो समजणे यांतले अंतर त्यांनी ओळखले होते.

आम्ही त्याच मुलीला मराठीत एक पाठपोट कागद लिहायला सांगितले. पहिली ओळ अशी: सगळी कागदपत्रे दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, गृहपालांची सही होईपर्यंत पुढे जाऊ नका. ‘पार्टिशन’ खोडून तिने ‘डिस्कचे वाटे’ लिहिले. पुसण्याच्या पर्यायाभोवती लाल चौकट काढली. प्रत्येक संगणकावर त्याच्या बटणाची चिठ्ठी चिकटवली. तिथे इंटरनेट धड मिळत नाही, म्हणून मराठी फॉन्ट आणि भाषेचे भाग आधीच वेगळ्या पेनड्राइव्हवर भरून ठेवले.

मग तो कागद नववीतल्या एका मुलाच्या हाती दिला आणि आम्ही गप्प बसलो. तो जिथे अडला, तिथे त्याला न शिकवता कागद दुरुस्त केला. असे वेगवेगळ्या मुलांबरोबर चार वेळा झाले. पाचव्या वेळी बसलेल्या मुलीने कोणाला काही विचारले नाही. आज दहाही संगणक चालू आहेत.

तुम्हांला माझी विनंती एवढीच. संगणक देताना कंपनीने घातलेला सुरुवातीचा पासवर्ड काढून घ्या, नाहीतर पेनड्राइव्हवरून तो सुरूच होत नाही. एकदा पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, वायफाय लागते का ते बघा, आणि कोणते बटण दाबले ते चिठ्ठीवर लिहा. जमल्यास एक शनिवार आमच्याकडे या. फक्त हात मांडीवर ठेवून बसा, मुलांना करू द्या.

ती मुलगी आता बारावीला आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.