उंबरठ्यावरचा शब्द : ‘आवजो’
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. भाषाशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत पेठेत मराठी आणि घरात गुजराती अशी दोन भाषांची नांदणूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नव्या पिढीला घरातील गुजराती समजते, पण बोलताना ती अडखळते. निरोपाच्या वेळी तर मुले ‘बाय’ म्हणून मोकळी होतात. म्हणून आज एकाच गुजराती शब्दाविषयी थोडे बोलण्याची अनुज्ञा घेतो. तो शब्द म्हणजे ‘आवजो’.

पाहुणा दारी आला की आपण म्हणतो ‘आवो’, आणि तो निघाला की म्हणतो ‘आवजो’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, ‘आववुं’ म्हणजे येणे. ‘आवो’ म्हणजे आत्ता या. त्याचे ‘आवजो’ झाले की तीच विनंती पुढील काळासाठी होते : पुन्हा अवश्य या. लहानास वा अगदी जवळच्यास ‘आवजे’, वडीलधाऱ्यांस व परक्यास ‘आवजो’. जाणाराही यजमानास ‘आवजो’च म्हणतो, आता तुम्ही आमच्याकडे यावे, हे आमंत्रण त्यात असते.

या निरोपाला एक क्रमही आहे. पाहुण्याने ‘चालो, रजा लईए’ म्हणावे. यजमानाने ‘बेसो ने, शी उतावळ छे?’ असा आग्रह करावा. मग दारापर्यंत पोचवावयास यावे, ‘साचवीने जजो, बधांने याद आपजो’ असे सांगावे आणि शेवटी दोघांनीही ‘जय जिनेन्द्र, आवजो’ म्हणावे. मराठीतही जाणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो, आणि घरचा माणूस ‘या’ म्हणून निरोप देतो. या बाबतीत दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत.

आमचे बापूजी दुकानाच्या गादीवर बसत. वीस ठाणे उलगडून, काहीही न घेता उठलेल्या गिऱ्हाइकालाही ते हात जोडून निरोप देत. गुजराती असेल तर ‘आवजो’, मराठी असेल तर ‘या हं परत’. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. यात वेळ फुकट जातो, असे मी एकदा म्हणालो. बापूजी म्हणाले, “घेणाऱ्याला तर कोणीही आवजो म्हणेल.” त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला.

बापूजींच्या पश्चात, १९९८ साली, आम्हां दोघा भावांत दुकानाची वाटणी झाली. हिशेब पैशापैशाचा चोख झाला. सह्या झाल्यावर धाकटा भाऊ दुकानाच्या पायरीवर क्षणभर थांबला. मी वहीतून मान वर केली नाही. तो निघून गेला. पुढे नऊ वर्षे आमचे जाणे-येणे बंद होते. एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर.

२००७ साली आमची बा गेली. बेसण्याला सारे आप्त जमले. आपणांस ठाऊकच आहे, शोकाच्या घरातून निघताना कोणी ‘आवजो’ म्हणत नाही. दुःखाच्या प्रसंगी पुन्हा येणे न होवो, ही त्यामागील भावना. मंडळी मुकाट्याने उठून गेली. सर्वांत शेवटी भावाने चपला पायांत घातल्या. त्या क्षणी तो शब्द माझ्या ओठांवर आला आणि तेथेच थांबला. ज्या दिवशी म्हणावयास हवा होता त्या दिवशी मी तो म्हटला नाही, आणि ज्या दिवशी म्हणावासा वाटला त्या दिवशी म्हणण्याची रीत नव्हती.

त्याच वर्षी संवत्सरीला मी त्याच्या घरी गेलो आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. तोही नमला. चहा झाला, बाच्या आठवणी निघाल्या. मी निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत पोचवावयास आला आणि म्हणाला, “मोटाभाई, आवजो.” एवढेच. त्यानंतर मी गेलो, तोही आला, आजही येतो.

बंधू-भगिनींनो, व्यवहारात मतभेद होतात, वाटण्याही होतात. परंतु दारातून जाणाऱ्याला, मग तो रागावून का जात असेना, हा एक शब्द देण्यास काहीच खर्च नाही. तो न दिल्याची किंमत मात्र मी नऊ वर्षे मोजली. आपल्या नातवंडांना हा शब्द अर्थासह शिकवावा, इतकीच नम्र विनंती.

माझ्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र. आवजो.