हातोड्याखालची शिवराई

शिवराई, म्हणजे शिवरायांच्या नावाचं तांब्याचं नाणं, यंत्रावर पाडलेली नाही. खालच्या ठशावर तांब्याची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. चकती बहुधा ठशापेक्षा लहान. त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ एकाच नाण्यावर पूर्ण मिळणं अवघडच. एकावर ‘राजा’ ठसठशीत, दुसऱ्यावर नुसतं ‘पति’. कुठे ‘ति’ ऱ्हस्व, कुठे दीर्घ. हे प्रकार जुळवताना संग्राहकाची संध्याकाळ कशी सरते, ते त्याच्या घरच्यांना विचारावं!

पण बाजारात नकलाही भरपूर. शिवरायांच्या सोन्याच्या होनाच्या तर विशेष. कडेला साच्याची शिवण किंवा अंगावर बारीक छिद्रं दिसली, तर नाणं ओतीव असल्याची शंका घ्यावी. अस्सल नाणं चिंचेने घासून चकचकीत करणं हा माझ्या मते अत्याचारच; तांब्यावर शतकानुशतकं धरलेला थर क्षणात जातो. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं, तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी नाणी कुणाही खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाहीत, अगदी तिकडच्या भाच्याला भेट म्हणूनसुद्धा.