साक्षीची घाई

धर्मविद्येची, म्हणजे पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास आणि पाळकीय सेवा यांच्या एकत्रित अभ्यासाची, पदवी घेऊन आज इथून, जबलपूरहून, निघून महाकोशलात, विदर्भात किंवा नगर जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळीत रुजू होणाऱ्या नव्या पाळकापुढे पहिल्याच वर्षी जो प्रश्न उभा राहतो तो ग्रीक व्याकरणाचा नसून उमेद हरवलेल्या तरुणाचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत आत्महत्या करणाऱ्यांमध्ये १८ ते ३० या वयोगटाचा वाटा सर्वांत मोठा दिसतो, आणि ख्रिस्ती घरे याला अपवाद आहेत असे मानायला कोणताही आधार नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या संदर्भात पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण नेहमी दिले जाते, आणि नेहमी अर्धेच दिले जाते. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातील दुष्काळात अन्नान्न दशा होऊन त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले, आणि पंचविशीतली ही विधवा दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन १८८३ मध्ये इंग्लंडला पोचली, जिथे वाँटेजच्या भगिनीसंघाच्या आश्रयाने त्याच वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला. व्याख्यानांतली कथा इथेच थांबते. प्रत्यक्षात त्रैक्याच्या, म्हणजे एकच देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा आहे या सिद्धान्ताच्या, बाबतीत रमाबाईंनी त्याच संघातल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला, रमाबाईंच्या प्रश्नांना गर्व म्हटले गेले, तरी त्यांनी ना प्रश्न सोडले ना विश्वास; आणि १९०७ मधल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले की आपल्याला धर्म सापडला तो बाप्तिस्म्याच्या वेळी, पण ज्याच्या नावाचा तो धर्म आहे तो सापडायला पुढे आठ वर्षे लागली.

इतकी मुदत आजच्या मंडळीत कोणाही तरुणाला मिळत नाही, आणि याचे कारण तरुणांत नसून सेवेचे मोजमाप करण्याच्या पद्धतीत आहे. प्रस्तुत वक्त्याच्या सेवाकाळात दर महिन्याला वरिष्ठ कार्यालयाकडे जो छापील तक्ता भरून पाठवावा लागे त्यात बाप्तिस्मे, दृढीकरणे (बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने समज आल्यावर आपला विश्वास मंडळीपुढे स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी), विवाह, दफने आणि वर्गणी यांची घरे होती. रात्री साडेदहाला पाळकगृहाची कडी वाजवून तासभर काहीही न बोलता बसून गेलेल्या मुलासाठी मात्र त्यात घर नव्हते. अशा एका मुलाची हकिगत इथे सांगितलीच पाहिजे. मंडळीच्या गायनपथकातला हा मुलगा रेल्वेभरतीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला, आणि तेव्हापासून प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्यासाठी सगळे पुढे जात तेव्हा, तो शेवटच्या बाकावर मिटलेले गीतपुस्तक मांडीवर ठेवून बसून राहू लागला. कमिटीच्या बैठकीत पाळकाचा विरोध असतानाही ठराव झाला की त्याने उपवास-प्रार्थनेच्या सभेत साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आपल्याला कसे सोडवले हे चारचौघांत उभे राहून सांगावे, नाहीतर पथक सोडावे. मुलाने साक्ष दिली, सभेने आमेन म्हटले, आणि पुढच्या रविवारपासून तो चर्चमध्ये दिसला नाही. त्याच उन्हाळ्यात पाळकाच्या बदलीचा हुकूम आला, आणि ज्या घराशी कुठे ओळख जुळू लागली होती ते नव्या पाळकाच्या वहीत 'वर्गणी थकीत' एवढ्याच शेऱ्याने उरले. दर तीन-चार वर्षांनी पाळक उचलून दुसरीकडे ठेवण्याच्या या पद्धतीने किती तरुण हातचे गेले याचा हिशेब कोणत्याही वार्षिक सभेत मागितला गेलेला नाही, ही या पेशाची जुनी आणि खरी तक्रार आहे.

म्हणून या भाषणाचा सारा आग्रह एकाच इशाऱ्यावर आहे: संकटातल्या तरुणाकडून साक्षीची घाई करू नये. योहानाच्या शुभवर्तमानात थोमाने येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवायला नकार दिल्यानंतर आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता, याचा अर्थ मधल्या आठवड्यात कोणी त्याला दाराबाहेर काढले नव्हते. थोमाच्या शंकेवर प्रवचने पुष्कळ होतात, त्या दहा जणांच्या धीरावर क्वचितच होतात. आपल्या परंपरेतही अशी मुदत दिसते: कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये, आणि मधल्या वर्षांतली ताटातूट, राग व भीती लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात जशीच्या तशी लिहिली, झाकली नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलानेही आशेला संकट, धीर आणि शील यांच्या मागून येणारी म्हटले आहे; तरीही उपासनेसाठी स्तोत्रे निवडताना विलापाची स्तोत्रे गाळून स्तुतीचीच घेतली जातात, आणि रडायला आलेल्या मुलाला टाळ्यांत उभे केले जाते.

आशेचे काम कसे चालते हे रमाबाईंनी केडगावात उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये पाहायला मिळते. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई ज्या मध्यप्रांतात आल्या त्यातच जबलपूरही होते. स्वतःच्या उपासमारीची आठवण त्यांना इथवर घेऊन आली, आणि इथून नेलेल्या शेकडो मुलींसाठी मुक्तीत अन्न, शाळा, शेती, माग आणि छापखाना उभा राहिला. आज आशेच्या त्या कामात वैद्यकही मोडते. नैराश्य हा आजार आहे, प्रार्थना कमी पडल्याची खूण नव्हे, हे प्रवचनपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगावे. केंद्र सरकारच्या २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक तरुण संघाच्या सूचनाफलकावर लावावा. आणि गरज पडल्यास त्या मुलाबरोबर पाळकाने स्वतः सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाऊन नंबर येईपर्यंत बाकावर बसावे, कारण पाळक तिथे बसले होते हे मंडळीत कळले की पुढच्या घराला तिथे जाण्याची लाज उरत नाही.