बेंबीची गाठ आणि भगिनींचे मौन
(लोहारा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



ज्या विषयावर चारचौघांत बोलण्याचा प्रघात नाही, तोच आज आम्ही मुद्दाम निवडला आहे. बेंबीत काळसर वा निळसर गाठ यावी, पाळीच्या दिवसांत ती फुगून ठणकावी, क्वचित् तिच्यातून रक्त पाझरावे आणि पाळी सरताच शांत व्हावी, अशी एक व्याधी स्त्रियांना होते. घरची माणसे तिला उष्णता म्हणतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतात. आणि ती भगिनी पदर आवळून गप्प बसते.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, त्या विकारास एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो होतो. बहुधा तो ओटीपोटातच असतो. बेंबीत फार विरळा. पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणात तो उद्भवतो, तसाच कोणतीही शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रीसही होतो. विलार यांनी या गाठीचे वर्णन १८८६ साली केले. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. स्त्रीने आपले दुखणे स्त्रीपाशी मोकळेपणी सांगावे, या गरजेतून त्या सातासमुद्रापार गेल्या होत्या. ते मौन आजही पुरते सुटलेले नाही.

निदानाचा पहिला धागा रुग्णेच्या हाती असतो. गाठ केव्हा दुखते व केव्हा रक्त येते, याची दिनदर्शिकेवर दोन-तीन महिने खूण करावी. मात्र तेवढ्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. बेंबीतील प्रत्येक गाठ हीच नसते. हर्निया असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, क्वचित् पोटातील कर्करोगही तेथे डोके वर काढतो. म्हणून सोनोग्राफी, जरूर तर एम.आर.आय. करतात. अखेरचा निर्णय मात्र काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीनेच होतो.

संप्रेरकांच्या गोळ्यांनी दुखणे दबते. पण त्या थांबविल्यावर ते पुन्हा उद्भवू शकते. मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच. भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह गाठ समूळ काढतात. प्रसंगी सबंध बेंबी काढावी लागते. मग पोटाचा पडदा शिवून नवी बेंबी घडविता येते. ओटीपोटातही विकार असल्याची शंका असल्यास दुर्बिणीने आत पाहतात. गाठ पूर्ण निघाली, तर ती त्या जागी पुन्हा होणे विरळाच.

येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. पाळीचे दुखणे म्हटले की 'पिशवी काढून टाका' असा सल्ला आपल्या मराठवाड्यात फार सवंग झाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली. बेंबीतील गाठीसाठी गर्भाशयाचा बळी देण्याचे मुळीच कारण नाही. असा सल्ला मिळाल्यास धाराशिव, लातूर वा सोलापूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत अवश्य घ्यावे.

बांधवहो, घरातील स्त्री दुखते म्हणाली, तर प्रथम तिचे म्हणणे ऐका. मातांनो, मुलींना लाज शिकविण्याआधी शरीराची ओळख करून द्या. एवढे एका जरी घरात घडले, तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.