बेहाई उद्यानातील एक दिवस



बीजिंग शहराच्या मध्यभागी असलेल्या बेहाई उद्यानात आम्ही सहकुटुंब एक दिवस घालविला. सुमारे ६९ हेक्टरांच्या या उद्यानात निम्म्याहून अधिक पाणीच आहे. बाराव्या शतकात, जिन राजवटीत, मजुरांनी तळे खोदले आणि निघालेल्या मातीचे बेट रचले. त्या बेटावर सम्राट शुनझीच्या काळी, १६५१ साली, श्वेत स्तूप उभा राहिला. १६७९ व १७३१ च्या भूकंपांनंतर तो पुन्हा बांधला गेला. मुले नऊ ड्रॅगनांच्या रंगीत भिंतीपुढे रमली, आम्ही स्तूपापुढे हात जोडले.

परंतु मित्रहो, ही बाग शतकानुशतके राजघराण्याची होती. माती वाहणाऱ्यांच्या लेकरांना तिथे फिरण्याची मुभा नव्हती. १९१२ मध्ये सम्राटपद गेले आणि १९२५ साली बागेची दारे जनतेसाठी उघडली. आज तिकीट काढून कोणीही आत जातो. म्हातारी माणसे तिथे गातात, व्यायाम करतात.

सम्राटांची नावे इतिहासाने जपली, मजुरांची नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणतीही भव्य वास्तू पाहताना दोन प्रश्न अवश्य विचारा : हिची माती कोणी वाहिली? आणि हिचे दार कोणाला बंद होते?