उतरलेल्या हिरड्या आणि शस्त्रक्रियेचा उपाय

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि शिक्षणफंडाचा हिशेब असे महत्त्वाचे विषय पुढे असता मी दातांविषयी बोलावयास उभा राहिलो, याचे काहींना हसू येईल. परंतु हा धडा मला दोन दात गमावून शिकावा लागला. आपणांस ती किंमत पडू नये, एवढाच माझा हेतू आहे.

शिक्षकाची नोकरी करीत असता माझे वरचे दोन दात लांब दिसू लागले व थंड पाण्याने कळ येऊ लागली. ‘हिरडी सुटली म्हणजे दात गेला,’ असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत पडले आणि मीच हट्ट धरून ते काढविले. निवृत्तीनंतर डाव्या सुळ्याची तीच गत झाली, तेव्हा एका दंतवैद्यांनी माझे अज्ञान दूर केले. दात लांब होत नसतो. हिरडी मागे सरते आणि मूळ उघडे पडते. दात हलत नसेल तर तो काढण्याचे बहुधा कारणच नसते.

हिरडी उतरण्याची कारणे बहुतांशी आपल्याच हातची आहेत. ताठ केसांचा ब्रश जोराने आडवा घासणे, मिश्री किंवा राखुंडी बोटाने रगडणे, किटण साचून पायोरिया होणे, ही त्यांतील मुख्य होत. काहींच्या दातांवरील हाड व हिरडी जन्मतःच पातळ असते. उतरलेली हिरडी झाडाच्या पालवीसारखी आपण होऊन परत फुटत नाही. तथापि प्रत्येकास शस्त्रक्रिया लागते असेही नाही. कारण दूर केले, किटण काढविले आणि हिरडी आहे तेथेच स्थिर राहिली, तर पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. कळ येत असल्यास त्यासाठी निराळी पेस्ट मिळते.

मूळ अधिकाधिक उघडे पडत असेल, कळ थांबत नसेल किंवा दात दिसण्यात वाईट वाटत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तिचे प्रकार थोडक्यात सांगतो. पहिल्यात त्याच दाताची हिरडी सैल करून मुळावर ओढून टाके घालतात. दुसऱ्यात शेजारच्या दाताजवळील हिरडी सरकवितात. ही रीत ग्रुप व वॉरन यांनी १९५६ साली मांडली. तिसऱ्यात टाळूच्या आतील थरातून मांसाचा पातळ तुकडा घेऊन तो ओढलेल्या हिरडीखाली बसवितात. लँगर व लँगर यांनी १९८५ साली वर्णिलेली ही रीत आज सर्वांत भरवशाची गणली जाते. चौथ्यात टाळूची वरची त्वचाही घेतात. हिरडी जाड होते, परंतु रंग शेजारच्या हिरडीशी जुळत नाही. टाळूस जखम नको असणाऱ्यांसाठी कोलॅजनचे तयार पडदेही निघाले आहेत. पायोरियात खोलवर साफ करण्यासाठी हिरडी उघडतात, ती शस्त्रक्रिया मात्र वेगळी. तिने रोग आटोक्यात येतो, पण हिरडी वर येण्याऐवजी थोडी आणखी उतरू शकते.

मूळ पूर्ण झाकेल की नाही, हे कशावरून ठरते? मिलर यांनी १९८५ साली त्याची प्रतवारी केली. दोन दातांमधील हाड व हिरडीची टोके शाबूत असतील, तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. ती झिजली असतील तर अंशतःच, आणि फारच झिजली असतील तर मुळीच नाही. म्हणजे विलंबाने जे जाते ते सुरीने परत येत नाही, हे ध्यानी ठेवावे.

माझ्या सुळ्यावर टाळूचे कलम केले. इंजेक्शनने जागा बधिर केल्यामुळे त्या वेळी दुखले नाही; पुढे आठवडाभर दाताहून टाळूच अधिक ठणकली. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. तोवर तेथे ब्रश लावावयाचा नाही, औषधी पाण्याने चूळ भरावयाची आणि मऊ अन्न घ्यावयाचे. तंबाखू, विडी व मिश्री सोडली नाही तर कलम नीट धरत नाही. मधुमेह आधी आटोक्यात आणावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास दंतवैद्यांस सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नये.

खर्चाची धास्ती घेणाऱ्यांस एक सांगतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये असून तेथे हिरड्यांच्या विकारांचा विभाग आहे. खासगी दवाखान्यापेक्षा तेथे पुष्कळ कमी खर्च येतो.

शेवटी माताभगिनींना विनंती, की लेकीसुनांच्या हाती मिश्रीची डबी देऊ नका. आणि कोणाचा दात लांब दिसू लागला, तर तो काढण्यापूर्वी हिरडी तपासून घ्या. माझे दोन दात काही परत येणार नाहीत. आपले राहावेत अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.